आयच्या चुलीचा धूर

आमच्या घरातली चूल मी बांधलेली नाय. ती माज्या सासूनं बांधली, ती नवरी होऊन या घरात आली त्या साली. ओढ्याकाठची चिकन माती तिनं पाटीत भरून आनली, त्यात भाताचा तूस घातला, पायानं तुडवली आनि फतकल मारून बसून हातानंच चूल घडवली. हे तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच बाजूला उभी होती असं वाटतं. सासूला आमी सगळी आय म्हनायचो. गावात कोनी तिला नावानं हाक मारलेली मला आठवत नाय. आता मी हे सांगते आनि माजी नात लिवून घेते. मी चौथीपर्यंत शिकलेली, ते पन अर्धं गुरांमागं. नात मधेच थांबते, म्हनते, "आजी, पुस्तकात असं बोलत नाय." मी म्हनते, "मंग पुस्तकाला सांग, माजी आजी अशीच बोलते."

घर पनवेलजवळ, नेऱ्याच्या पुढं, डोंगराच्या पायाशी. माजा मुलगा नरेश तवा उलव्याला डंपर चालवायचा. तिकडं नुसता भराव नि इमारती, रोज नवीन काय तरी उभं राहायचं. त्या पगारातून त्यानं पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब टाकला, लादी बसवली. मागची पडवी तशीच राहिली, कौलाची, शेनानं सारवलेल्या जमिनीची. चूल तिथं. पुढं गॅस होता, पन त्याच्यावर चहा नि दूध. भात, कालवन नि भाकरी चुलीवरच. माजा धंदाच भाकरीचा. नरेशचा बापूस काविळीनं गेला तवा पोरगा शाळेत होता, शेत थोडं, त्यात भावकीचे वाटे. त्या दिसांचं मी जास्त सांगत नाय. रडत बसली असती तर पीठ कोनी मळलं असतं? पुढं आमच्या बाजूला मुंबईवाल्यांची फार्महाऊसं झाली. शनिवार आला की गाड्या भरून मानसं यायची आनि त्यांना तांदळाची भाकरी लागायची, ती पन चुलीवरचीच. दोन बंगल्यांच्या भाकऱ्या माज्याकडं होत्या. नरेश कमवायला लागेपर्यंत घर त्या भाकऱ्यांवरच चाललं.

सकाळी मला जाग यायची ती आयच्या हाताच्या आवाजानं. ओल्या मातीवर हात फिरतो त्याचा एक आवाज असतो, सप् सप्, मांजर पानी पितं तसा. अंधूक उजेड असायचा, आय चुलीसमोर बसलेली, बाजूला मातीचा डेरा नि पोतेरं. आधी रातची राख काढायची, मंग पोतेरं फिरवायचं, मंग जिथं भेग लागेल तिथं माती लिंपायची. तिचं म्हननं, चूल न सारवता पेटवली तर ती बाई नाय नि ते घर नाय. तिचे डोळे तवा गेलेच होते म्हना. एका डोळ्याचं ऑपरेशन पनवेलला झालं, थोडं उजेड-सावली कळायचं, बाकी सगळं हातानं. डोळे गेले तशी एकेक कामं पन गेली. आधी शेत सुटलं. मंग मासळी साफ करनं सुटलं, कालवनात खवलं राहायची. तांदूळ निवडनं राहिलं होतं, पन एकदा नरेशच्या दाताखाली खडा आला, तो काय बोलला नाय, नुसता थुंकला, आनि दुसऱ्या दिसापास्नं आयनं सूप हातात घेतलं नाय. राहिली ती चूल. चुलीला डोळे लागत नाय, ती म्हनायची.

आमच्या चुलीला धुराडं होतं, गावात पहिलं आमचं. ते नरेशच्या बापसानं बसवलेलं. मी नवीन आली तवा धुरानं मला जाम खोकला यायचा, भाकरी थापता थापता तोंड फिरवून खोकायची. तो काय बोलायचा नाय. बोलायची सवयच नव्हती त्याला. एक दिवस पळस्प्याच्या नाक्यावरून खांद्यावर सिमेंटचा पाईप घेऊन चालत आला. चुलीच्या मागं छोटं तोंड असतं, ज्याला आमी वैल म्हनतो, त्याच्यावर कालवनाचं भांडं कढत ठेवायचं. त्या वैलाच्या मागून त्यानं पाईप कौलातून वर काढला. म्हनजे पुढं लाकडं पेटली की जाळ वैलाखालून मागं जायचा नि धूर पाईपातून बाहेर. चूल पेटली की पाईपात घूं असा आवाज यायचा. आय म्हनायची, "बोलली गो चूल." ती गोष्ट मला अजून बरी वाटते. कोनाचा नवरा साडी आनतो, माज्यानं पाईप आनला.

तर त्या चुलीचा धूर परत घरात यायला लागला. एका दिसात नाय. आधी नुसता पेटवताना थोडा पुढच्या तोंडातून यायचा. मंग पावसाळ्यात जास्त. आमी म्हटलं लाकूड ओलं. पावसाळा गेला, लाकूड वाळून खडखडीत, तरी धूर तसाच. दिवाळीनंतर तर पडवीत उभं राहवत नव्हतं. जाळ मागं जायचाच नाय, पुढच्या तोंडातून जीभ काढल्यासारखा बाहेर यायचा, भाकरीचा तवा एका बाजूनं तापायचा, भाकरी अर्धी करपायची नि अर्धी पांढरी. वैलावरचं कालवन तर कढायचंच नाय. बंगल्यावरचा मॅनेजर म्हनाला, "मावशी, भाकरीला धुराचा वास येतोय, पाहुणे काय बोलत नाय पन मला येतो." मी म्हटलं, "पाहुणे त्यासाठीच तर येतात." तो हसला. पन मला कळलं, दुसऱ्यांदा तो हसनार नाय.

नरेश एका रविवारी कौलावर चढला. काथ्याच्या दोरीला गोनपाटाचा बोळा नि खाली दगड बांधून पाईपात सोडला, वरखाली केला. काजळी पडली, घमेलंभर, काळी नि चिकट. आमाला वाटलं झालं काम. पेटवली, थोडा वेळ बरं वाटलं, मंग परत तेच. शेजारची जनाकाकू म्हनाली, "माज्या पोरानं दुमजली बांधला ना, त्याचा वारा तुमच्या पाईपावर पडतो." म्हनताना तिला वाईट वाटत होतं का गंमत ते मला कळलं नाय. नरेशनं पाईपावर आनखी एक तुकडा चढवला, तारेनं बांधला. पाईप जनाकाकूच्या गच्चीएवढा झाला. धूर पडवीतच. भांडं नीट बसत नसेल म्हनून मी भांड्याच्या बुडाला मातीचं कडं करून पाहिलं. पडवीचं दार उघडं ठेवलं, बंद ठेवलं. कशाला काय नाय.

आयला वाटलं नजर लागली. दोन बंगल्यांची भाकरी, वर नरेशचं लग्न ठरलेलं, नजर लागनारच. तिनं मीठ, मोहरी नि सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, चुलीवरून ओवाळल्या नि दिल्या आत टाकून. आता आमच्यात असं मानतात, नजर असली तर मिरचीचा ठसका लागत नाय. पन धूर बाहेर यायला लागला होता तो सगळा मिरची घेऊन आला. नरेश खोकत अंगनात, मी पदर तोंडाला लावून त्याच्या मागं, जनाकाकू तिकडून वरडते, "काय जाळता गो?" आय तेवढी आत बसून राहिली, डोळ्यांतून घळाघळा पानी, नि खोकून खोकून शेवटी म्हनाली, "नजर नाय. नजर असती तर एवढा ठसका लागला नसता." आमी तिघं पन हसलो. पन नरेशचं हसनं लवकर थांबलं. तो म्हनाला, "आजी, बस झाला आता. लग्नाच्या आधी गवंडी बोलवतो. चूल काढून टाकू, पडवीत लादी घालू, मोठी शेगडी आनू. ती पोरगी उलव्याची हाय, तिच्या घरात चूल नाय, तिला मी या धुरात बसवनार नाय."

आय म्हनाली, "चूल काढलीस तर मी काय करू?"

"तू आराम कर."

"आराम काय करतात रे? कसा करतात?" ती खरंच विचारत होती. पन नरेशनं गवंड्याला सांगितलं ते सांगितलंच, पुढच्या बाजारच्या दिसाला ये म्हनून. मला त्याचा राग आला नाय. बायकोला धुरात बसवनार नाय म्हनतो तो पोरगा बापसावरच गेलेला. पन मला आयचं पन दिसत होतं. ती त्या दिसापास्नं जास्तच सारवायला लागली. सकाळी एकदा, दुपारी एकदा. चूल चकचकीत, अंड्यासारखी गुळगुळीत. जशी काय चांगली दिसली तर कोनी काढनार नाय.

मंग आयला ताप आला. मोठा नाय, पन अंगात कनकन, मी तिला उठू दिलं नाय. म्हनून त्या सकाळी राख काढायला मी बसली. किती वर्सांनी बसली ते मलाच आठवेना, ते काम तिचंच. पुढची राख काढली, वैलाखालची काढायला हात आत घातला, तर मनगटाला अडकला. परत घातला, तिरका केला. जाईना. नवीन होती तवा मीच राख काढायची, कोपरापर्यंत हात आत जायचा, पार पाईपाच्या बुडाला बोटं लागायची, हातभर चुडा असून. माजा हात काय तेवढा जाडला नव्हता. मी बोटांनी आतून चाचपून पाहिलं. सगळीकडनं माती, गोल, गुळगुळीत, रोजच्या हातानं बसवलेली. पुढच्या तोंडाला पन तीच. पूर्वी दोन मोठी लाकडं शेजारी शेजारी बसायची, आता एक नि एक काटकी. आमी हळूहळू काटक्यांवर आलो नि आमाला कळलं पन नाय. धुराला मागं जायला वाटच राहिली नव्हती, तो बिचारा पुढून येनार नाय तर काय करनार.

आनि आयला कसं कळलं नाय, ते पन मला तिथं बसल्या बसल्या कळलं. तिचा हात जात होता. वर्सावर्साला तिचा हात सुकत गेला, हाडावर कातडी राहिली, आनि तेवढी तेवढी चूल बुजत गेली. तिच्या हाताला वाट तेवढीच्या तेवढी लागत होती.

नरेश कामावर निघत होता, त्याला मी बोलावलं नि हात घालायला लावला. त्याची तर बोटंच अडकली. तो बघत राहिला, म्हनाला, "म्हनजे आजीनंच बुजवली?"

"हळू बोल."

"मंग तिला सांगू ना. सारवू नको म्हनावा."

"तांदूळ निवडू नको असं तू तिला सांगितलं होतंस काय? नुसता थुंकलास. आता हे सांगशील तर ती चुलीजवळ पन येनार नाय. मंग खाटेवर पडून राहील आनि तू तिला आराम म्हनशील."

त्याचा चेहरा उतरला. म्हनाला, "मंग तिला तापात झोपू दे, तवर तू खरवडून टाक. तिला कळनार नाय." बाहेरून बघनाऱ्याला असंच वाटतं. मी म्हटलं, "तुज्या गालावरचा तीळ काढला तर मला कळनार नाय काय?" तो गेला. गवंड्याला नको सांगू का, हे पन त्यानं विचारलं नाय नि मी पन बोलली नाय. चूल चालली तर राहील, नाय तर जाईल, ते दोघांना ठाऊक होतं.

दुपारी आयचा ताप उतरला. पेज पिऊन ती आपोआप चुलीकडं सरकली. मी तिच्या बाजूला बसली. मला गोड बोलता येत नाय, कवाच आलं नाय. मी म्हटलं, "आये, वैलाखाली हात घाल." तिनं घातला, कोपरापर्यंत गेला. "आता माजा हात धर." तिनं माज्या मनगटाला धरलं, मी हात आत घातला, तो अडकला. तिनं माजं मनगट सोडलं नाय. दुसऱ्या हातानं माज्या हाताच्या भवती चाचपलं, कुठं माती लागते, कुठं हात. मंग आपलाच हात परत घालून पाहिला. मंग माजा. बाहेर जनाकाकू कोंबड्यांना हाकत होती, ते ऐकू येत होतं.

"मीच बुजवली," आय म्हनाली.

मी हात बाहेर काढून राख झटकली.

"तुज्या डोळ्यात मी धूर घातला."

"जाऊ दे."

"जाऊ दे काय? विळा आन."

मी विळा नि खुरपं आनलं. मी खरवडायची, ती शेजारी हात लावून. वरची माती ओली होती, ती सालपटासारखी निघाली. खाली पोपडे, एकावर एक, कांद्याच्या पाकळ्यांसारखे. कुठं लाल, कुठं पांढरट, कुठं शेनाचा हिरवा. मला भीती होती, कुठं थांबायचं ते कळनार नाय, एक घाव जास्त बसला तर भिंतच फुटंल. पन आयची बोटं माज्या विळ्याच्या मागं मागं फिरत होती. मधेच ती म्हनाली, "थांब. तूस लागला." मी बघितलं. मातीत भाताचा तूस चमकत होता, बारीक सोनेरी. वरच्या सारवनात कुठं तूस नव्हता, तो फक्त पहिल्या मातीत, तिनं पायानं तुडवलेल्या. ती म्हनाली, "इथपरेन माजी चूल. याच्या आत जाऊ नको." जिथं तूस लागेल तिथं ती सांगायची, जिथं लागत नाय तिथं मी आनखी काढायची. दिवस कलेपर्यंत आमी दोघी काळ्या झालो. पाट्या भरून माती निघाली. आय एकदाच हसली, म्हनाली, "सुंद्रे, एवढ्या मातीत आनखी एक चूल झाली असती. सवतीची."

पेटवायला मी तिलाच सांगितलं. तिनं आधी पेंढ्याचा एक बोळा पेटवून वैलातून आत सारला, पाईप थंड होता म्हनून. मंग पुढं काटक्या, मंग दोन लाकडं, शेजारी शेजारी. जाळ आधी वर आला, मंग कोनी ओढल्यासारखा वाकला नि मागं गेला. पाईपात घूं झालं. आय कान लावून बसली होती. मी पदरानं तोंड पुसलं, तर पदर नुसता काळाच झाला. नरेश आला तवा पडवीत धूर नव्हता, वैलावर सुकटाचं कालवन रटरटत होतं. तो दारात उभा राहिला, वर कौलाकडं बघितलं, मंग फोन लावला नि गवंड्याला म्हनाला, "दादा, नको येऊ. लादी पुढच्या वर्सी बघू." जेवताना त्यानं आजीच्या ताटात स्वतःच्या हातानं भाकरी मोडून दिली. ते पन बापसासारखंच, बोलायचं नाय.

हळदीच्या दिवशी गावातल्या बायका आमच्या पडवीत भाकऱ्या करायला बसल्या. धवले, म्हनजे आमची लग्नातली गानी, गानारी म्हातारी दारात बसून देवाचं, नवऱ्या मुलाचं गानं म्हनत होती. जनाकाकू थापता थापता म्हनाली, "सुंद्रे, तुज्या चुलीचा धूर कुठं गेला? काय मंतर घातला?" मी काय तरी सांगून वेळ मारून नेली असती. पन आय कोपऱ्यातनं मोठ्यानं म्हनाली, "मंतर कसला? मीच बुजवली होती चूल, आंधळीनं. सारवून सारवून. सुनेनं नि मी खरवडली." बायका थापायचं सोडून तिच्याकडं बघायला लागल्या. मंग एकजन म्हनाली, "आये, आमच्याकडं पन धूर येतो गो." दुसरी म्हनाली, "माज्या पन." आय म्हनाली, "मंग घरी जाऊन हात घाला. माज्याकडं काय बघता?" एवढ्या हसल्या सगळ्या, धवले गानारी पन थांबली.

तरी मला धाकधूक होती. चूल राहिली, पन आयनं सारवायला हात लावला नव्हता. खरवडल्या दिसापास्नं मीच पोतेरं फिरवत होती, ती नुसती बसायची. मी म्हटलं पन नाय नि तिनं मागितलं पन नाय. नवरी घरी आली, दर्शना तिचं नाव, उलव्याची, बारावी शिकलेली, चुलीकडं देवळात बघतात तशी लांबून बघायची. दुसऱ्या सकाळी उठून ती पडवीत आली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, हळद अजून निघालेली नाय. आय चुलीसमोर बसलेली. तिनं चुड्याचा आवाज ऐकला.

"इकडं ये गो. बस. हात दे."

दर्शनानं हात दिला. आयनं तो धरून वैलाखाली घातला, चुड्यासकट. पोरीनं माज्याकडं बघितलं, हे काय घर हाय म्हनून. मी नुसती मान हलवली, घाल म्हनून.

"सुंद्राचा हात आता माज्यासारखाच सुकायला लागलाय," आय म्हनाली. "तुजा जवान हाय. रोज सारवल्यावर असा हात घालायचा नि मला सांगायचा. कुठं लागतो काय?"

दर्शनानं हात आत फिरवला. बांगड्या मातीला घासल्या, राख कोपरापर्यंत गेली.

"नाय लागत, आजी."

"मंग मी सारवू?"

पोरीला काय ठाऊक तिला काय विचारलंय. पन ती म्हनाली, "सारव ना," आनि आयनं पोतेरं पान्यात बुडवलं, पिळलं, नि पातळ हातानं चुलीवरनं फिरवायला लागली.